कळ बंद

नायकवडी सरांचा अनुस्वार आजवर कधी उचलून टेबलावर ठेवावा लागला नव्हता. दार उघडलं की स्वारी आपणहून उतरती फळी चढायची, टेबलावर आडवी व्हायची आणि 'करा काय करायचं ते' अशा थाटात डोळे मिटायची. त्या दिवशी मात्र सरांनी त्याला दोन्ही हातांत धरून आणलं. एवढं मोठं धूड आणि सत्तरी ओलांडलेले सर. दोघांनाही धाप लागली होती.

संयोगिता मगदूम पुढे धावली. मिरजेत तिचं प्राण्यांच्या फिजिओथेरपीचं केंद्र होतं. ती मुळात जनावरांची डॉक्टर, पण औषधं लिहून देण्यापेक्षा तिचे हात सांध्यांवर जास्त रमले. पाण्यातून चालायचा पट्टा, मोठाले रबरी चेंडू, शेकायचे दिवे आणि या सगळ्यांहून भरवशाचे स्वतःचे दोन अंगठे, एवढ्या भांडवलावर तिनं त्या भागातली कितीतरी लंगडी कुत्री-मांजरं चालती केली होती.

"कधीपासून असं, सर?"

"काल सकाळपासून पाय टेकेनासा झालाय. पण दुखत नाहीये हो त्याला. बघा, शेपटी हलवतोय."

शेपटी खरोखरच हलत होती. पिवळसर लॅब्रॅडॉर, कपाळावर मधोमध काळा ठिपका. सरांचा जन्म मराठी शिकवण्यात गेला. पिल्लाचा ठिपका पाहून त्यांना दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. गल्लीतली मंडळी त्याला 'अन्या' म्हणत आणि सर न कंटाळता प्रत्येकाला दुरुस्त करत.

"थोडी कळ काढ हं, बाळा," संयोगिता म्हणाली. कुठल्याही सांध्यावर जोर देण्याआधी ती हे म्हणायचीच. जनावरांना तो आवाज, ते शब्द ओळखीचे झाले होते. ते ऐकले की ती स्वतःला आवरून धरत, अंग चोरत नसत. तिनं मागचा उजवा पाय हलकेच फिरवला. जात्यात खडा सापडावा तशी करकर तिच्या बोटांना जाणवली. अनुस्वार त्या वेळी सरांचा हात चाटत होता.

तिनं सांध्यावरून तपासणीचं यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे पाहिलं. मांडीच्या हाडाचा गोल माथा चपटा झाला होता. खोबणीची कड तुटली होती. मधली गुळगुळीत कूर्चा, जिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही, ती नावालाही उरली नव्हती. इतर कुठलं कुत्रं या अवस्थेत नुसत्या स्पर्शानं किंचाळलं असतं.

"डॉक्टर, मी एकही दिवस चुकलो नाही," सर म्हणाले. "यंत्राच्या पत्रकात लिहिलंय अगदी तसंच. सकाळी फिरायला निघताना 'कळ चालू', रात्री निजताना 'कळ बंद'. रात्री थोडा कण्हायचा तेवढंच. दिवसा इतका आनंदात होता हो. बागेत पोरांबरोबर चेंडूमागं धावायचा. आम्हाला वाटलं, म्हातारपण परत गेलं त्याचं."

शस्त्रक्रिया करता आली असती, पण अनुस्वारचं हृदय थकलेलं होतं. भूल त्याला झेपली नसती. हे सरांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आता पुढं काय?"

"मला दोन दिवस द्या, सर. तोवर त्याला चालवू नका."

सरांना पायरीपर्यंत पोचवून ती परत आली आणि रिकाम्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली.

या 'कळ'वर तिचा किती जीव होता! सांध्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दोन तऱ्हेचे तंतू असतात. जाड तंतू सांगतात की पाय कुठे आहे, किती वाकलाय, खाली जमीन कशी आहे. बारीक तंतू दुखणं वाहून नेतात. मणक्याच्या कडेला हे सगळे तंतू एका छोट्या गाठीतून पुढे जातात. त्या गाठीला खेटून तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र सुईनं बसवायचं. ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा अगदी मंद विद्युत्प्रवाह सोडतं. त्यानं बारीक तंतू मुके होतात, जाड तंतूंना फारसा फरक पडत नाही. म्हणजे पाऊल नीट पडतं, तोल राहतो, फक्त दुखत नाही. गोळ्या नाहीत, गुंगी नाही, मूत्रपिंडांवर ताण नाही. यंत्राला वीज पुरवायचा गळपट्टा, आणि मालकाचा अगदी जवळून आलेला आवाज ओळखून यंत्र चालू-बंद करायचाही तोच. नस सतत दाबून ठेवली तर थकते, म्हणून दिवसा हिंडताफिरताना यंत्र चालू ठेवायचं आणि रात्री बंद. झोपलेल्या कुत्र्याला दुखणं तसंही कमी जाणवेल, असा कंपनीच्या शास्त्रज्ञांचा हिशेब होता.

कंपनी होती बंगळुरूची. चाचणीसाठी तिनं मिरजेचं हे केंद्र निवडलं, तेव्हा गळपट्ट्याला कुठले मराठी शब्द शिकवायचे हे संयोगितालाच विचारलं. 'स्विच' चालेना, कारण कुणी 'स्वीच' म्हणे तर कुणी 'सुईच', आणि गळपट्टा गोंधळे. 'बटण' घरातल्या बाकीच्या यंत्रांनी आधीच अडवलं होतं. 'बटण बंद' म्हटलं की कुत्र्याऐवजी पंखा थांबायचा. मग तिला 'कळ' सुचलं. यंत्राची कळ आणि सांध्यातली कळ, दोन्ही एकाच शब्दात. स्वतःवरच खूश होऊन तिनं तो दिवस घालवला. नायकवडी सरांनी तर "काय श्लेष साधलात!" म्हणून शाबासकी दिली होती.

पण वर्ष सरता सरता कुत्र्यांचे सरळ दोन तट पडले. काहींचे सांधे पाहावेत तर सुधारत चाललेले. काहींचे झपाट्यानं झिजत चाललेले. तिनं वजनं पाहिली, वयं पाहिली, घरातल्या गुळगुळीत फरश्यांना दोष देऊन पाहिला. काही केल्या मेळ बसेना. आणि आता तिच्या सर्वांत शहाण्या, सर्वांत काटेकोर मालकाचं कुत्रं पांगळं होऊन घरी गेलं होतं.

खरी भीती निराळीच होती. माणसांसाठीची कळ त्याच वर्षी बाजारात आली होती, आणि येत्या गुरुवारी तिच्या वडिलांच्या गुडघ्यासाठी ती बसवायची ठरली होती. वेळ तिनंच घेतली होती. आबांना भरवसा वाटला होता तो त्यांच्या पाखऱ्याकडे बघून. पाखऱ्या हे तिच्या चाचणीतलं सर्वांत सुधारलेलं कुत्रं. तिनं तपासणीचं यंत्र पिशवीत टाकलं आणि जतकडची गाडी धरली.

आबा, म्हणजे बाळकृष्ण मगदूम, यांनी जन्मभर एसटी चालवली. घाटात क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला. आता एसट्या विजेवर धावत, काही तर चालकाविनाच. आबा त्यांच्याकडे बघून म्हणत, "क्लच गेला, गुडघा तेवढा मागं ऱ्हायला." आई गेल्यावर पांढरेवस्तीवरच्या घरात ते आणि पाखऱ्या दोघंच. पाखऱ्या कारवानी जातीचा, बारीक कमरेचा, वाऱ्यासारखा पळणारा. एका टेम्पोनं उडवला तेव्हा खुब्याचा सांधा निखळला. तो बसवला, पण त्यात संधिवात शिरला.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. पाखऱ्या उठून सामोरा आला. चाल किंचित जपून होती, पण लंगडं म्हणावं असं काही नव्हतं.

"बघ की कसा चालतोय," आबा म्हणाले. "रोज पवनचक्कीपतोर जाऊन येतोय माझ्याबरूबर. माझाच गुडगा बोंब मारतोय, ह्याचं काय न्हाई."

तिनं त्याला सतरंजीवर निजवलं. "थोडी कळ काढ हं, पाखऱ्या." तो दगडासारखा निश्चल झाला. तिनं सांधा तपासला आणि पडद्याकडे बघतच राहिली. माथा गोल होता. कूर्चेचा थर, जो मागच्या खेपेला जागोजागी विरला होता, तो सलग दिसत होता. दोन्ही मांड्यांचे स्नायू सारखे भरले होते. तिचा जीव भांड्यात पडला. ते दाण्याएवढं यंत्र खोटं नव्हतं तर. अनुस्वारच्या बाबतीतच काहीतरी वेगळं घडलं असणार.

"झोपतो का नीट?"

"मेल्यागत झोपतोय. आदी रातभर कण्हायचं बिचारं. आता सकाळी हाक मारल्याबिगर उठत न्हाई."

हे ऐकून तिनं थबकायला हवं होतं. रात्री तर यंत्र बंद असायचं. पण आनंदात माणसाचे कान जरा बोथट होतात. तिनं पाखऱ्याच्या मानेवर थोपटलं आणि गुरुवारी कुठे, किती वाजता यायचं हे आबांना समजावून सांगत बसली.

"बसवून घिऊ की," आबा म्हणाले. "ह्या मुक्या जनावराला मानवलं, मला न मानवायला काय झालं? मग आमी दोगं पळतच जातो का न्हाई बघ पवनचक्कीला."

सकाळी ती सोप्यात चहाचा कप घेऊन बसली होती. आबा काठी शोधत होते. पाखऱ्या अंगणात येऊन उभा राहिला. आबांनी गुडघ्यावर हात टेकून, जरा वाकून, त्याच्या गळपट्ट्याशी तोंड नेलं आणि पोराला समजवावं तशा सुरात म्हणाले, "कळ बंद."

संयोगितानं कप खाली ठेवला.

"आबा, काय म्हणालात आत्ता?"

"काय म्हंजे? रोजचंच की. कळ बंद."

"सकाळी?"

"सकाळीच. चालताना दुखू ने म्हणून. रात्री मग कळ चालू. तूच म्हणालीस, रात्री थोडं दुखू द्यायचं, नसंला इसावा पायजे. मला लई जड जातं बघ रात्री तसं म्हणायला. पण म्हणतो."

ती पाखऱ्यापाशी गेली. गळपट्टा मानेला घासायचा म्हणून आबांनी त्याला जुन्या स्वेटरचा मऊ तुकडा शिवला होता. यंत्र चालू असलं की पेटणारा हिरवा ठिपका त्या लोकरीखाली झाकला गेला होता. पूर्वी गळपट्टा आवाज करून सांगायचा, पण कुत्री दचकतात म्हणून कंपनीनं तो आवाज काढून टाकला. तिनं दातांनी टाके उसवले. ठिपका विझलेला होता.

मग तिनं एक गोष्ट केली, जी तिनं आजवर कुठल्याच जनावराच्या बाबतीत केली नव्हती. काहीएक न बोलता तिनं पाखऱ्याच्या खुब्यावर अंगठा दाबला. 'कळ काढ' ऐकू आलं नाही, म्हणून आवरून धरायचं आहे हे पाखऱ्याला समजलं नाही. त्यानं झटकन मान वळवली, तिचं मनगट तोंडात धरलं आणि चावा न घेता तसंच धरून ठेवलं. त्याच्या घशातून बारीक आवाज निघाला. त्याचं दुखत होतं. इतके महिने तिच्या प्रत्येक तपासणीत दुखत होतं आणि तिनं त्याला दर वेळी गप्प बसायला सांगितलं होतं.

आबांनी 'कळ बंद' म्हटलं, दुखणं बंद व्हावं म्हणून. गळपट्ट्यानं ऐकलं, यंत्र बंद करा. आबांनी 'कळ चालू' म्हटलं, आणि रात्री यंत्र इमानानं चालू झालं. बोलताना यंत्राला कोण कळ म्हणतं? तसली कळ पुस्तकात असते, पत्रकात असते. चारचौघांची कळ पायात असते, पोटात असते, फार झालं तर दोघांत भांडण लावायला लावतात ती. पत्रक वाचणाऱ्यांनी एक अर्थ घेतला, कानानं ऐकणाऱ्यांनी दुसरा. कुत्र्यांचे दोन तट पडले होते ते तिथे. वजन, वय, फरशी यांचा काही संबंध नव्हता. तिच्या एका शब्दानं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कुत्र्यांवर भलामोठा प्रयोग करून ठेवला होता.

आणि प्रयोगाचा निकाल तिच्यासमोर शेपटी हलवत उभा होता. पाखऱ्या दिवसा दुखणं घेऊन चालला. म्हणून जपून चालला. जिथे सांध्यावर भार जास्त पडेल तिथे पाऊल आवरलं, थांबायचं तिथे थांबला. तेवढ्याच मोजक्या चालीनं स्नायू भरले आणि सांध्याला खुराक मिळाला. रात्री दुखणं मुकं झालं, म्हणून तो गाढ झोपला, आणि शरीराची डागडुजी बरीचशी त्या गाढ झोपेतच होते. अनुस्वार दिवसा काही न जाणवता चेंडूमागे धावला, झिजल्या हाडावर उड्या मारत राहिला, आणि रात्री कण्हत तळमळला. सर सगळं बरोबर म्हणत होते. शास्त्रज्ञांनी दिवस आणि रात्र यांची उलटापालट केली होती, आणि आबांच्या चुकीनं ती सुलट झाली.

"काय झालं गं? नादुरुस्त झालं का काय?" आबा काठी टेकत जवळ आले.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कंपनीनं शब्द बदलले, आता असं म्हणायचं, एवढं सांगून सुटता आलं असतं. आबांना कधीच कळलं नसतं. पण मग गुरुवारी ते हसत हसत गुडघा पुढे करणार होते, पाखऱ्याच्या भरवशावर. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन्ही अर्थ सांगितले, नायकवडी सरांच्या कुत्र्याचं सांगितलं, काही लपवलं नाही. शब्द आपण निवडला होता, हेही सांगितलं.

पाखऱ्या फाटकाशी जाऊन उभा होता. फिरायची वेळ टळत होती आणि त्याला ते पटत नव्हतं.

"म्हंजे रोज," आबा म्हणाले. "रोज दुखत हुतं त्येला."

"हो. सुरुवातीला खूप. आता बरंच कमी झालंय, आबा. सांधा सुधारलाय ना."

"चढावर मागं ऱ्हायचा. मला वाटायचं, सुस्तावलंय बेणं. मी म्हणायचो, कळ काढ की रं जरा." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "आन् यायचा गं. तसाच यायचा."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. संयोगिताला आबांना असं पाहायची सवय नव्हती. आई गेली तेव्हाही त्यांनी पाठ फिरवून घेतली होती. ती शेजारी बसली आणि तिलाही रडू आवरलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता बरूबर काय म्हणायचं ते सांग. उद्यापास्नं तसं म्हणतो."

इथेच खरी गाठ होती. "आबा, जे तुम्ही म्हणत होतात तेच त्याला लागू पडलंय," ती म्हणाली. "दिवसा यंत्र सुरू केलं तर दुखणार नाही. पण तो हरणासारखा पळेल, आणि वर्षभरात त्याचा अनुस्वार होईल. चालवायचंच बंद केलं तर सांधा आखडेल. रोज थोडं चालायला हवं, दुखतंय तेवढ्याच बेतानं. आणि रात्री आराम."

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "न कळता केलं ते येगळं, सयू. आता कळून करू म्हणतीस? त्येच्या डोळ्याला डोळा देऊन?"

ती म्हणाली, "मला नाही सांगता येत, आबा. तुमचं कुत्रं आहे. तुम्ही ठरवा."

त्या दिवशी पाखऱ्या फिरायला गेला नाही. आबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. दिवेलागणीला ते पाखऱ्याजवळ गेले, गळपट्ट्यापाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "कळ चालू." उसवलेल्या लोकरीतून हिरवा ठिपका पेटला. पाखऱ्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि पाय ताणून देऊन तो तिथंच पसरला. एवढे महिने रोज हे असंच घडत होतं आणि आबांना ते पहिल्यांदा दिसलं. ते त्याच्याजवळ बसून राहिले.

सकाळी संयोगिता उठली तेव्हा आबा अंगणात उभे होते. पाखऱ्या त्यांच्यापुढे, मान वर करून. आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसायला लागले. त्यांचा गुडघा खाली बसण्याच्या लायकीचा उरला नव्हता. ती धरायला धावली, त्यांनी हातानंच थांबवलं. दात आवळून ते पाखऱ्याच्या उंचीला आले. त्यांनी त्याचं लांबट तोंड दोन्ही हातांत धरलं.

"कळ बंद," ते गळपट्ट्याला म्हणाले. हिरवा ठिपका विझला. मग ते पाखऱ्याला म्हणाले, "आता तुला सांगतो. थोडी कळ काढ, लेकरा. मीबी काढतो."

उठताना मात्र त्यांनी तिचा हात घेतला. उभं राहून श्वास सावरला आणि म्हणाले, "गुरुवारचं ऱ्हाऊ दे. फोन करून सांग त्यास्नी."

"आबा, तुम्ही रात्रीपुरतं वापरा की. पाखऱ्यासारखं."

"न्हाई जमायचं. त्येच्या कळीचा मालक मी हाय. माझ्या कळीचा मालक बी मीच आसणार. चढावर जीव कासावीस झाला की मी दाबणारच. माणूस हाय मी, कुत्रं न्हवं." त्यांनी काठी उचलली. "आन् त्येला कळ काढ म्हणायचं नि आपली बंद करून चालायचं, हे कसल्या तोंडानं करू? पवनचक्की नको. त्या लिंबापतोर जाऊन येतो."

दोघं फाटकाबाहेर पडले. संयोगिता ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. दोन दिवस संपले होते. तिनं फोन काढला आणि नायकवडी सरांना लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आतच त्यांनी तो घेतला.

तिनं त्यांनाही काही लपवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "म्हणजे मी बरोबर वाचलं."

"हो सर. तुम्ही बरोबर वाचलंत. आमचं चुकलं होतं."

"चांगला शब्द होता हो," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून तिला जास्त लागलं. "आता याचं काय करू, सांगा."

हे वाक्य ती पहाटेपासून मनात घोळवत होती. तरीही तोंडातून निघालं ते सवयीचंच. "त्याची कळ आता बंदच ठेवा, सर. दिवसाही आणि रात्रीही."

मग सरांनी हळूच, पोराच्या वहीतली संदिग्ध ओळ दाखवावी तसं विचारलं, "डॉक्टर, कोणती कळ?"

"दुखणं, सर. दुखणं बंद. यंत्र चालू ठेवा. सतत."

"नस थकेल म्हणाला होतात."

"हो. काही महिन्यांनी थकेल."

सरांना पुढचं सांगावं लागलं नाही. उभा जन्म वाक्यांचे अर्थ लावण्यात गेलेला माणूस तो. "म्हणजे त्याच्या पायात आता जपण्यासारखं काही उरलं नाही," ते म्हणाले. "आणि तेवढे महिनेही उरलेले नाहीत."

"नाही, सर."

फोनमधून कुत्र्याच्या श्वासाचा आवाज येत होता. अनुस्वार तिथेच कुठेतरी, त्यांच्या पायाशी असणार. सरांनी फोन बाजूला धरला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून, पण स्वच्छ, शुद्ध ऐकू आला. "कळ चालू," ते म्हणाले. आणि मग, तिच्यासाठी नव्हे, हलक्या आवाजात, "झालं रे, अन्या. आता काही कळ काढायची नाही."

संयोगितानं फोन मांडीवर ठेवला. रस्त्यावर आबा आणि पाखऱ्या अर्ध्यात थांबले होते. आबा काठीवर भार टाकून उभे होते आणि पाखऱ्या मागचा पाय जरासा उचलून. कुणाचं दुखलं म्हणून ते थांबले होते, हे इतक्या लांबून कळत नव्हतं. मग पाखऱ्यानं पाय टेकला, आबांनी काठी उचलली, आणि दोघं लिंबाकडे चालू लागले.